पीळ

कोजागिरीच्या दिवशी सोलापुरात ताकदीचे चार गडी कुणी शोधून दाखवावेत. गल्लीच्या गल्ली आदल्या दिवशीच तुळजापूरच्या वाटेला लागलेली असते, पायी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. त्यामुळे अक्कलकोट रोडवरच्या एका वस्तीत ऐन दुपारी अडलेली म्हैस लोळवायची वेळ आली तेव्हा माझ्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या, हाताशी होते सत्तरीचे अण्णा, त्यांची दहावीतली नात आणि विड्या वळणाऱ्या सात-आठ बायका.

पहिला फोन पहाटे साडेपाचला आला होता. चूक तिथंच झाली, आणि ती माझीच.

"मॅडम, रात्रीपास्नं कळा देलालीय. पानमोट काय दिसंना."

"कितवं वेत?"

"तिसरं."

तिसऱ्या वेताची म्हैस, म्हणजे वाट मोकळी झालेली, व्यायला काय अडचण? मी अर्धवट झोपेत म्हणाले, "थांबा थोडं, येईल." खरं तर रात्रीपासून कळा आणि सकाळपर्यंत पानमोट, म्हणजे रेडकाच्या आधी बाहेर येणारी पाण्याची पिशवी, नाही, एवढ्यावरच मी गाडीला किक मारायला हवी होती. उठबस, शेपटी उचलणं हे सगळं काही तास चालतं, ते ठीक. पण एकदा जोर सुरू झाला की पानमोट दिसायला हवी, आणि ती दिसल्यावर तासा-दोन तासांत रेडकू. न दिसता नुसता वेळ जात असेल तर आत काहीतरी अडलेलं असतं.

अकराला दुसरा फोन. "आता शांत झालीय. कडबा पण खाती." मालकाला हे ऐकून बरं वाटतं. माझ्या पोटात गोळा आला. न विता शांत झालेली म्हैस म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललंय.

म्हैस पंढरपुरी होती. तलवारीसारखी शिंगं पार खांद्यामागं गेलेली. अण्णांनी तीस-पस्तीस वर्षं लूम चालवली, माग बंद पडल्यावर तीन म्हशी घेतल्या. घरात तेलुगू, म्हशींशी मात्र मराठी. हात खांद्यापर्यंत धुऊन, हातमोजा घालून मी आत घातला, आणि कोपराच्या आधीच तो अडला. भिजलेली चादर दोघांनी दोन टोकं धरून पिळावी, तशा घड्या उजवीकडं वळत वळत आत निमुळत्या होत गेल्या होत्या. गर्भाशयालाच पीळ. गुदमार्गातून हात घालून खात्री केली: गर्भाशयाला धरून ठेवणारा डाव्या बाजूचा पडदा ताणून उजवीकडं ओढला गेलेला. पाऊण फेरा तरी असावा.

"पीळ पडलाय अण्णा, पिशवीला."

लोक विचारतात, जगंल का? अण्णांनी विचारलं, "उजवा का डावा?"

मी बघतच राहिले. "सुताला बी असतोय की," ते म्हणाले. "उजव्या पिळाचं, डाव्या पिळाचं. चुकून मिसळलं तर कापडात पट्टा दिसतोय."

म्हशीत हा पीळ गायीपेक्षा जास्त पडतो आणि बहुतेक वेळा उजवाच असतो, कारण डावीकडं भलंमोठं कोठीपोट, म्हणजे चारा साठवणारं पोट, बसलेलं असतं. शेवटच्या दिवसांत रेडकू जड, पिशवी लोंबती, आणि उठताना म्हैस मागचं अंग आधी उचलते. त्या क्षणी घसरली, कुणी ढुशी दिली, की पिशवी गरकन फिरते.

हात आत जात नाही म्हटल्यावर उपाय दोनच. लोळवायची, नाहीतर पोट उघडायचं. मी आमच्या सीनियर सरांना फोन लावून ऑपरेशनची तयारी ठेवायला सांगितलं आणि शेजारच्या बांधकामावरून सेंट्रिंगची दहा-बारा फुटी फळी मागवली. उजवा पीळ, म्हणून म्हैस उजव्या कुशीवर पाडायची, पुढचे पाय वेगळे बांधायचे, मागचे वेगळे, आणि पाठीवरून डावीकडं लोळवायची. म्हणजे पीळ ज्या दिशेनं पडलाय त्याच दिशेनं.

इथं अण्णा अडून बसले. "ओ मॅडम, पीळ सोडवायचा तर उलटं फिरवायला पायजे. तुम्ही अजून घट्ट करलालाव."

पस्तीस वर्षं सूत हाताळलेल्या माणसाला 'आम्ही शिकलोय' असं सांगून भागत नाही. दोरीवर सेकंडच्या मालातला एक टर्किश टॉवेल होता. त्याचं एक टोक त्यांच्या मुठीत दिलं, दुसरं मी धरलं. "मूठ एक फेरा फिरवा." पीळ पडला. "ही मूठ म्हणजे रेडकू. आता अजिबात हलवू नका." मग मी माझं टोक, ज्या अंगाला त्यांची मूठ वळली होती त्याच अंगाला, एक फेरा फिरवलं. टॉवेल सपाट झाला.

अण्णा क्षणभर बघत राहिले. "म्हंजे रेडकू जागच्या जागी दाबून धरायचं आन म्हैसच त्याच्याभोवती फिरवायची."

"फळी त्यासाठीच."

फळीचं एक टोक म्हशीच्या कुशीवर, दुसरं जमिनीवर, आणि वर उभी राहिली समोरच्या घरातली वजनदार मावशी. बाकीच्या दोरांना. सगळ्यात अवघड निघाली शिंगं, लोळवताना जमिनीत रुतून मान मुरगळायची. डोकं अण्णांनी मांडीवर घेतलं आणि म्हशीबरोबर स्वतःही वळत राहिले. "आई राजा उदो उदो" म्हणत बायकांनी दोर ओढले. वस्तीतल्या बाप्यांचा उदो तिकडं तुळजापूरच्या रस्त्यावर चालला असेल, आमचा गोठ्यात.

पहिल्या फेऱ्यात काही नाही. परत उजव्या कुशीवर आणताना पाठीवरून उलटं आणायचं नसतं, नाहीतर केलेलं वाया जातं. पोटावर बसवून मग पाडायची. दुसऱ्या फेऱ्यानंतर हात मनगटभर आत जास्त गेला. तिसऱ्याला आतून भसकन पाणी आलं आणि मी गळ्यापासून पायापर्यंत भिजले. घड्या गायब. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं. पुढचे दोन पाय हाताला लागले, खुरांच्या बेचक्यात चिमटा काढला तर पाय मागं ओढला. जिवंत!

दोर लावून, तिच्या कळेबरोबर, एकदा हा पाय एकदा तो पाय असं ओढत पाऊण तासात रेडकू बाहेर आलं. श्वास नाही. नाकातोंडातला चिकट काढला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, चार टॉवेल घेऊन बायका चोळत सुटल्या. मग एक शिंक आली. मावशींनी मागचा पाय उचलून बघितलं आणि तोंड पाडलं. "एवढं करून रेडा!"

त्यानंतर चिकावरून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधावरून, वाद. वार, म्हणजे रेडकामागून पडणारी नाळ-झिल्ली, पडल्याशिवाय म्हैस पिळायची नाही, ही इथली पद्धत. वार पडायला आठ-बारा तासही लागतात, आणि रेडकाला चीक पहिल्या तास-दोन तासांतच मिळायला हवा, नंतर त्याचं आतडं हळूहळू त्यातली ताकद घेईनासं होतं. रेड्याला पाजून उरेल त्याचा खरवस सगळ्यांना, या कबुलीवर बायका गप्प झाल्या.

मी हात धूत होते तेव्हा नात मोबाईल घेऊन आली. सरांशी बोलताना मी 'काव्हिंग' म्हणाले होते, ते तिनं शोधलं, तर बर्फाचा आख्खा कडा कोसळून समुद्रात पडताना दिसला.

"मॅडम, ह्याला पण काव्हिंगच म्हणतात?"

म्हणतात. हिमनदीच्या टोकाचा तुकडा सुटून पाण्यात पडला की इंग्रजीत ती व्याली. जुलै 2017 मध्ये अंटार्क्टिकातल्या लार्सन सी या हिमपट्ट्यातून सुमारे 5,800 चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला होता, आपला सोलापूर जिल्हा 14,895 चौरस किलोमीटरचा. नातीला गंमत वाटली. मी म्हटलं, आपल्याकडं तरी काय, चादरीची वीण आणि जनावरांची वीण, शब्द एकच आहे.

अण्णांनी चष्मा वर करून तो व्हिडिओ दोनदा बघितला.

"आन वार? ह्याची वार कवा पडती?"

म्हशीची संध्याकाळी सातला पडली.