न पोचवलेला निरोप

आमची 1996-97 ची दहावीची तुकडी. दिवाळी जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतले बाक रिकामे व्हायला लागत. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले आईबाप संसार ट्रकमध्ये भरून साखर कारखान्यावर निघत, पोरंही सोबत जात. माझ्या बाकावरचा दोस्त त्यांतलाच. गणितात मला तोच तारायचा.

एका संध्याकाळी इंग्रजीच्या सरांनी मला थांबवलं. "त्याला सांग, वसतिगृहात जागा झालीय. उद्या दहाला वडलांना घेऊन ये म्हणावं." त्यांची वस्ती वेशीपासून 2 किलोमीटर. वेशीपाशी पोरं बॅट घेऊन उभी होती. सकाळी सांगू, म्हणून मी तिकडं वळलो.

सकाळी गेलो तर खोपटाच्या दाराला तार गुंडाळलेली. बाहेरच्या चुलीत हात घातला, राख अजून ऊन होती. ट्रक पहाटेच गेला होता. सरांना मी एवढंच म्हणालो, "घरी कुणी नव्हतं." दोस्त पुन्हा शाळेत आला नाही.

त्या हिवाळ्यात सर शनिवारच्या शेवटच्या तासाला एक इंग्रजी कादंबरी मराठीतून सांगायचे. एस. ई. हिंटन यांची 1967 ची 'द आउटसायडर्स'. लेखिकेनं ती 15 व्या वर्षी लिहायला घेतली, हे ऐकून मुली सावरून बसल्या. त्यातला पोनीबॉय 14 वर्षांचा. आईवडील अपघातात गेलेले, थोरला भाऊ डॅरी घर चालवतो. एका रात्री पोनीबॉय आणि त्याचा मित्र जॉनी मोकळ्या मैदानात चांदण्या बघत पडतात आणि त्यांचा डोळा लागतो. मध्यरात्र उलटल्यावर पोनीबॉय घरी येतो. काळजीनं जीव टांगणीला लागलेला डॅरी त्याच्या थोबाडीत मारतो. तो तसाच बाहेर पळतो. बागेत श्रीमंत पोरांचं टोळकं दोघांना गाठतं, पोनीबॉयचं डोकं कारंज्यात दाबून धरतं. त्याला वाचवायला जॉनी चाकू चालवतो. एक मुलगा जिवानिशी जातो. दोघं पळून एका पडक्या चर्चमध्ये लपतात. पुढं त्या चर्चला आग लागते, आत अडकलेली लेकरं बाहेर काढताना जॉनी जबर जखमी होतो आणि दवाखान्यात प्राण सोडतो.

सरांनी विचारलं, "बिघडलं कुठं?" कुणी चाकू म्हणालं, कुणी थोबाडीत. "अजून मागं जा," सर म्हणत राहिले. वर्ग मैदानापाशी पोचला आणि माझ्या पोटात गोळा आला. पोनीबॉयचा बिचाऱ्याचा डोळा लागला होता. मी टक्क जागा होतो, वस्तीची वाट मला दिसत होती.

शेवटी पोनीबॉयला शाळेसाठी निबंध लिहायचा असतो. तो लिहायला बसतो, आणि तो निबंध म्हणजेच ही कादंबरी. सर म्हणाले, "तुम्हीही लिहा." मी दोन पानं लिहिली, पण दिली नाहीत. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मजकूर मागितला, तेव्हा तीच पानं पुढं लिहायला घेतली. पण छापायच्या आधी ते दोस्ताच्या कानावर घालणं भाग होतं.

दसऱ्याला त्याच्या वस्तीवर गेलो. बाजेवर बसून सगळं सांगितलं. तो कितीतरी वेळ तंबाखू मळत राहिला, तोंडात काही टाकली नाही.

"जागा झाली होती व्हय?" एवढंच म्हणाला. मग आत वळून लेकीला हाक मारली, "माय, तुझा वसतिगृहाचा फॉर्म आण. काका भरून देतेत."