ब्राउनी हॉकआय: सेटिंग नसलेल्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर कुठे ठरतं

मंडळी, हॉकआयवर आता हात बसत चाललाय. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात ओळख: ब्राउनी हॉकआय फ्लॅश कोडॅकने १९५० ते १९६१ या काळात बनवला. डिझाइन आर्थर क्रॅप्सी यांचं. बेकेलाइटची पेटी, एकाच वक्र भिंगाची (मेनिस्कस) लेन्स, छिद्र साधारण एफ/१५ (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), फोकस कायमचा ठरलेला, शटरचा वेग एकच. दुसरी दांडी वर ओढली की ‘बी’, म्हणजे दाबून ठेवू तेवढा वेळ शटर उघडं. फिरवायला दुसरं काहीच नाही.

या वेळी आधी शटर मोजून घेतलं. मागचा भाग काढला, लेन्सपुढे दिवा ठेवला आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटर टिपलं. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलं की आधी नुसता काळोख दिसतो, मग छिद्राची एक कड उजळते, मग पूर्ण गोल, आणि पुन्हा काळोख. उजेड आठेक फ्रेम टिकतो, म्हणजे १/३० सेकंद. इतकी जुनी स्प्रिंग दर वेळी जवळपास तेवढाच वेळ देते याचं मला फार कौतुक वाटतं.

या एका आकड्याने बरंच काही सुटलं. एफ/१५ला एफ/१६ धरायला हरकत नाही. सनी १६च्या नियमाने (लख्ख उन्हात एफ/१६वर शटर ‘१ भागिले आयएसओ’ सेकंद; आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) १०० आयएसओच्या फिल्मला १/१०० हवा. हॉकआय १/३० देतो, म्हणजे पावणेदोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). हलक्या ढगाळ दिवशी मात्र तीच फिल्म नेमकी बसते. दाट ढग असतील किंवा सावलीत काम असेल तर ४०० आयएसओ. थोडक्यात, कॅमेऱ्यावर काही ठरत नसलं तरी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला किती उजेड मिळतो ते, ठरतंच: फिल्म निवडताना, उजेड पाहून उभं राहताना आणि रोल धुताना.

म्हणून उन्हातल्या रोलसाठी एफपी४ ही कृष्णधवल फिल्म भरली आणि लेन्सपुढे पिवळा फिल्टर धरला. फिल्टर साधारण एक स्टॉप खातो आणि आकाशही गडद करतो. उरलेला जादा उजेड धुलाईत सांभाळला: डी-७६ या डेव्हलपरमध्ये (तेवढंच पाणी मिसळून, म्हणजे १+१) २० अंशांना ११ मिनिटं देतात, मी ९ दिली. निगेटिव्ह किंचित दाट आल्या, पण पांढऱ्या भिंतीवरचा गिलाव्याचा खरखरीतपणा शाबूत आहे. भिंगावर सूज्ञांनी विश्वास ठेवावा. मधोमध रेखीव आणि कडांकडे हळूहळू मऊ होत जाणारं हे चित्र मला फार आवडतं. भिंग उलटं बसवून कडा आणखी विरघळवण्याची युक्ती बरेच जण करतात. माझं मत असं की आधी सुलट भिंगावर काही रोल काढावेत, त्याचा स्वभाव कळू द्यावा.

फिल्म भरण्याबद्दल. हा कॅमेरा ६२० फिल्मचा. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ६२० आणि १९०१पासूनची १२० यांची फिल्म रुंदीला सारखीच, फरक फक्त स्पूलचा, म्हणजे फिल्म गुंडाळायच्या रिळाचा. अनेक हॉकआयमध्ये १२०चा रोल तसाच बसतो, पण माझ्यात गुंडाळताना जड जातो, त्यामुळे मी चेंजिंग बॅगेत (उजेड आत न येणारी, हात घालायची पिशवी) ६२०च्या स्पूलवर चढवून घेतो. आधी रिकाम्या स्पूलवर उलटा, मग ६२०वर सुलटा. शेवटी जिथे फिल्म कागदाला चिकटवलेली असते तिथे फुगवटा येतो. बोटांना तो स्पष्ट जाणवतो. तिथली पट्टी सोडवून फिल्म सपाट करून पुन्हा चिकटवायची. दाबून पुढे जायचं नाही.

मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा. आजच्या पॅनक्रोमॅटिक (सगळ्या रंगांचा उजेड टिपणाऱ्या) फिल्मला लाल उजेडही दिसतो. फोटोचा क्रमांक पाहायचा तो सावलीत, तेवढ्यापुरती टेप उचलून.

१/३०ला हात हलणं हीच मोठी अडचण. पेटी पोटाशी घट्ट धरून, श्वास सोडून, दांडी हळू दाबली की बराच फरक पडतो. व्ह्यूफाइंडरमध्ये डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे चौकट जुळवायला वेळ द्यावा लागतो. आणि दुहेरी एक्स्पोजर (एकाच चौकटीवर दोन फोटो) अडवणारी सोय यात नाही, तेव्हा क्लिक झालं की लगेच गुंडाळायचं, ही सवय एकदाची लावून घ्या.

पुढचा रोल एचपी५ या ४०० आयएसओच्या फिल्मचा, फक्त खिडकीच्या उजेडात आणि ‘बी’वर. कॅमेरा टेबलावर ठेवून, लाइटमीटरवर एफ/१६ धरून सेकंद मोजणार आहे. कोणी घरातल्या उजेडात हॉकआय ‘बी’वर वापरला असेल तर किती सेकंद दिले ते जरूर कळवा.