फुकट आहे, पण कुणाचं?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या संगणकांचं काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात मालकांचा फोन आला. परदेशी गिऱ्हाइकानं प्रश्नावली पाठवली होती: वापरातलं प्रत्येक सॉफ्टवेअर कुठून आलं, लायसन्स काय.

"सगळं भरलंय ओ. तेवढं लांबून पीसी बघायचं राहिलंय. ते फुकटचं हाय की, त्याला कसलं लायसन्स?"

फुकट मिळणाऱ्या गोष्टीला मालक नसतो, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. त्या रिमोट डेस्कटॉपचा करार उघडला तर त्यात 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे कारखान्यात ते चालवायची परवानगीच नव्हती. काम तिथंच संपलं असतं, पण अकाउंटंट मॅडम सहज म्हणाल्या, "सर, पासवर्डचं शेवटचं अक्षर चुकलं तरी हे उघडतंय."

मी ताठ बसलो. ही खोड जुन्या व्हीएनसीची, म्हणजे लांबून पीसी बघायच्या एका खुल्या प्रोग्रामची. त्याच्या पासवर्ड तपासणीत डीईएस ही जुनी कूटपद्धत वापरतात, त्याची किल्ली आठ बाइटची, म्हणून आठ अक्षरांपुढचं काही बघितलंच जात नाही. व्हीएनसी ज्या दारावर ऐकतं त्या पोर्ट ५९०० ला जोडून पाहिलं. समोरून पहिलीच ओळ आली ती 'आरएफबी ००३.००८', म्हणजे व्हीएनसीच्या प्रोटोकॉलचं (संवादाच्या नियमांचं) नाव आणि आवृत्ती.

व्हीएनसी केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत घडलं. पुढं ती प्रयोगशाळा एटी अँड टीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. पण कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली खुला केलेला होता, म्हणून टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी अशा शाखा फुटत राहिल्या. जीपीएलची अट साधी आहे: वापरा, बदला, विका, पण पुढं वाटताना सोर्स (मूळ कोड) द्या, नाहीतर तो देण्याची लेखी हमी द्या, आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा.

हे साधन अशाच एखाद्या शाखेतून उचललेलं असावं, असा संशय आला. तरीही एवढ्यावर कुणाला चोर म्हणणं मला पटत नाही. आरएफबी हा प्रोटोकॉल उघड आहे, २०११ च्या आरएफसी ६१४३ या इंटरनेटच्या जाहीर दस्तऐवजात तो छापलेला आहे. तो वाचून कुणीही स्वतःचा कोड लिहावा. आठ अक्षरांची मर्यादाही प्रोटोकॉलबरोबरच येते.

म्हणून त्या साधनाच्या एक्झी (चालणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमधला वाचता येणारा मजकूर काढला. सोर्समधल्या टिपा कंपाइल झाल्यावर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनल्यावर, उरत नाहीत, पण संदेश उरतात. शेजारी एका खुल्या शाखेचा सोर्स ठेवला. काही बिघडल्यावर दिसणारे संदेश शब्दशः तेच, क्रमही बराचसा तोच, आणि एका संदेशातली स्पेलिंगची चूकसुद्धा जशीच्या तशी. प्रोटोकॉल वाचून कुणाच्या हातून तीच चूक होत नाही. पॅकेजमध्ये जीपीएलचा मजकूर नव्हता, सोर्सचा पत्ता नव्हता. उलट करारात 'संपूर्ण हक्क आमचे'. ज्यांनी आपली मेहनत जगाला मोकळी दिली, त्यांचं नावही पुसायचं? मला राग आला तो याचा.

मालकांनी विचारलं, "म्हणजे आपण गुन्हेगार?"

नुसतं चालवण्यावर जीपीएल बंधन घालत नाही. पण याच इन्स्टॉलरची प्रत त्यांनी उद्यमनगरातल्या, साच्यांचे नमुने बनवणाऱ्या पॅटर्नवाल्यांना दिली होती, ड्रॉइंग बघायला. प्रत पुढं दिली की आपण वाटणारे झालो, आणि वाटणाऱ्याला अटी लागू होतात. शिवाय 'वैयक्तिक वापर' ही अट आपण मोडतच होतो.

दोन्हीकडचं ते काढलं. टाइटव्हीएनसी मूळ जागेवरून उतरवून व्हीपीएनच्या (सुरक्षित खासगी जोडणीच्या) आत बसवलं, कारण आठ अक्षरांची मर्यादा टाइटव्हीएनसीलाही आहे. प्रश्नावलीत मी लिहिलं: 'आधीच्या साधनाच्या कोडचा उगम संशयास्पद, म्हणून काढून टाकलं.' मालक जरा कचरले. गिऱ्हाईक काय म्हणेल? मी म्हणालो, खरं तेच लिहू. त्यांनी सही केली.

त्या साधनाच्या कंपनीला दोन्हीकडच्या जुळणाऱ्या संदेशांची यादी जोडून सोर्स मागितला. 'सगळा कोड आमचाच आहे' असं एका ओळीचं उत्तर आलं. मी स्पेलिंगची ती चूक दाखवून पुन्हा लिहिलंय. मूळ शाखा सांभाळणाऱ्यांनाही कळवलंय, कारण हक्क त्यांचा, दादही त्यांनीच मागायची.