पिंपळपानाचे पंख : सात पऱ्या घडवतानाचा माझा अनुभव

उपयोजित कलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी आम्हा विद्यार्थ्यांना लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक तयार करून द्यायचे होते. विषय आणि माध्यम आपापले निवडायचे होते. अट एवढीच होती की, पुस्तकातली प्रत्येक प्रतिमा स्वतःच्या हातांनी घडवलेली असावी. मी पऱ्यांचा विषय घेतला, आणि चित्रे रंगवण्याऐवजी १५ सेंटिमीटर उंचीच्या सात पऱ्या, त्यांचे पंख, कपडे आणि त्यांच्याभोवतीचा पाणवठा असे सगळे हाताने करून त्यांची छायाचित्रे काढायचे ठरवले. जूनमध्ये सुरू झालेले हे काम डिसेंबरपर्यंत चालले. त्यातले निम्मे पुण्यात माझ्या खोलीत झाले आणि निम्मे वाईला आमच्या घरी.

पहिली रेखाटने मी आठवड्याभरात केली होती. पांढरा घोळदार झगा, हातात चांदणी लावलेली छडी, पाठीवर फुलपाखराचे पंख, अशी परी आपण सगळ्यांनीच लहानपणी वहीच्या शेवटच्या पानावर काढलेली असते. मॅडमनी ती रेखाटने शांतपणे पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “ही राहते कुठे?” मला उत्तर देता आले नाही. त्या शनिवारी मी वाईला गेले आणि आजीला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. परी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, पण तो येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या विहिरींवर, डोहांवर आणि नदीकाठी साती आसरा या सात जलदेवता आहेतच. आसरा हे अप्सरेचेच लोकांच्या तोंडी झालेले रूप. पाण्याच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड, त्यांच्यापुढे हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले होते आणि तरीही पऱ्या काढायला बसल्यावर मला त्यांची आठवण झाली नव्हती, याचे मला मनापासून वाईट वाटले.

त्यांची जी सात नावे परंपरेने सांगितली जातात, त्यांत मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी आणि मकरी ही नावे येतात. मासा, कासव, खेकडा, बेडूक आणि मगर असे पाण्यातले जीव त्या नावांतच आहेत. मला माझ्या प्रकल्पाचा आराखडा तिथे मिळाला: प्रत्येक परीचा रंग, बसण्याची ढब आणि पंखांचा आकार तिच्या नावातल्या जिवावरून ठरवायचा. आजीला मात्र हे लगेच पटले नाही. “आसरांना कशाला गं पंख? त्या पाण्यातनं येतात, पाण्यातच जातात,” ती म्हणाली. शिवाय ज्यांची ओटी भरली जाते, ज्यांच्या धाकाने भर दुपारी डोहावर एकटे जायचे नसते, त्यांच्या बाहुल्या करणे तिला रुचत नव्हते. आम्ही त्यावर दोन दिवस बोललो. शेवटी असे ठरले की, पुस्तकात त्यांना आसरा म्हणायचे नाही, पाणवठ्यावरच्या पऱ्या म्हणायचे; शेंदूर लावलेले दगड चित्रात कुठेही आणायचे नाहीत; आणि सातांपैकी एकीला पंख द्यायचे नाहीत. ही शेवटची अट आजीची होती. पुढे छायाचित्रांत सर्वांत आधी जिच्याकडे नजर जाते, ती हीच बिनपंखांची, पाण्यात पाय सोडून बसलेली परी ठरली.

पऱ्यांच्या शरीरांवर जुलै आणि ऑगस्ट हे दोन्ही महिने गेले, आणि त्यांतला बराच वेळ एकाच चुकीने घेतला. सांगाड्यासाठी मी बांधकामावर वापरतात ती काळी बाइंडिंग तार घेतली होती, कारण ती स्वस्त असते आणि हाताने सहज वळते. तिच्यावर कागदाचा लगदा चढवला. आमच्याकडे पूर्वी कागद आणि मेथ्या वाटून टोपल्या करत, त्याच पद्धतीचा तो लगदा होता: वर्तमानपत्र फाडून रात्रभर भिजवायचे, सकाळी पिळून वाटायचे, त्यात भिजवून वाटलेली मेथी आणि खळ घालून मळायचे. पावसाळी हवेत तो आतून वाळलाच नाही. पाचव्या दिवशी तीन पऱ्यांच्या पोटऱ्यांवर गंजाचे तपकिरी डाग फुटले आणि दोघींच्या मानेवर राखाडी बुरशी आली. मी पाचही मोडून पुन्हा सुरुवात केली. या वेळी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून लाखेसारखा थर दिलेली तांब्याची तार आणली, जी गंजत नाही. लगद्याचे थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड दिले नाहीत. आणि एक थर पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा चढवला नाही. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांनी खळीत चिमूटभर मोरचूद घालायला सांगितले. वह्या-पुस्तकांना कसर लागू नये म्हणून ते तसेच करतात. मोरचूद विषारी असल्यामुळे त्याचे भांडे आणि चमचा मी स्वयंपाकघरापासून वेगळे ठेवले आणि हातमोजे घालूनच ती खळ वापरली.

चेहऱ्यांसाठी आधी शाडू वापरून पाहिला. तो वाळताना आकसतो आणि आतली तार आकसत नाही, त्यामुळे हनुवटीपासून कानापर्यंत तडे गेले. मग लगदाच अगदी बारीक वाटून, त्यात खडूची पूड आणि फेविकॉल मिसळून चेहरे केले आणि २२० व ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केले. प्रमाणाबद्दलही एक गोष्ट इथे शिकले. माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी धरतात, त्या हिशेबाने १५ सेंटिमीटरच्या परीचे डोके २ सेंटिमीटरचे होते. एवढ्याशा डोक्यावर कोरलेले डोळे छायाचित्रात दिसेनात. डोके ३ सेंटिमीटरचे, म्हणजे पाच डोक्यांचे प्रमाण धरल्यावर चेहऱ्यावरचे भाव वाचता येऊ लागले, आणि पऱ्यांना लहान मुलींसारखी ठेवणही आली. कपड्यांचे काम त्या मानाने सोपे गेले. खणाच्या कापडावरची नक्षी मुळातच बारीक असते, त्यामुळे चोळ्यांना ती या मापात शोभली. लुगड्यांसाठी जुनी मलमल रंगवून, पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, चुण्या घालून अंगावरच वाळवली.

पंख हा या सगळ्या कामाचा गाभा होता आणि त्यावर मी सर्वांत जास्त जीव लावला. रविवार पेठेतून ऑर्गंझा आणि जिलेटीनचा कागद आणून मी दोन जोड्या आधी करून पाहिल्या होत्या. टेबलावर त्या सुंदर दिसत, पण मागून दिवा लावला की, ऑर्गंझाची विण खिडकीच्या जाळीसारखी दिसे आणि जिलेटीनवर एकच पांढरा झोत उमटे. पंख खरा वाटायचा तर त्यात शिरा हव्यात, आणि त्या मुळाशी जाड व कडेला केसाएवढ्या बारीक होत गेलेल्या हव्यात. अशी वस्तू माझ्याकडे होती, पाचवीच्या भूगोलाच्या पुस्तकात. पिंपळपानाची जाळी.

लहानपणी आम्ही पान पाण्यात टाकून विसरून जात असू, आणि तीनेक आठवड्यांनी गर कुजून जाळी उरत असे. आता तेवढा वेळ नव्हता, म्हणून धुण्याच्या सोड्याची पद्धत वापरली. एक लिटर पाण्यात साधारण पाच चमचे सोडा घालून पाने मंद आचेवर दीड ते दोन तास शिजवायची. पहिल्या दिवशी मी आईचे अ‍ॅल्युमिनियमचे पातेले घेतले आणि ते आतून काळे पडले, कारण सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो. त्यासाठी स्टीलचेच भांडे हवे. पानांची निवडही महत्त्वाची असते. तांबूस कोवळी पाने शिजताना विरघळून जातात आणि पिवळी पडलेली तुटतात. पावसाळा संपतानाची गडद हिरवी, निबर पाने सर्वांत चांगली. मोठ्या झाडाची पाने माझ्या पऱ्यांना फार मोठी होत होती. मात्र वाईत नदीवरच्या घाटाच्या जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत पिंपळाची रोपे उगवलेली असतात आणि त्यांना आठ-नऊ सेंटिमीटरची लहान पाने येतात. ती नेमकी मापाची मिळाली.

शिजलेले पान हातात घेतले की ओल्या कागदासारखे लागते. ते पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पालथे पसरायचे, वर थोडे पाणी सोडायचे आणि जुन्या मऊ टूथब्रशने घासायचे नाही, नुसते टिपल्यासारखे ठोकायचे, मधल्या शिरेपासून कडेकडे. हिरवा गर साबणाच्या फेसासारखा सुटून वाहून जातो आणि खाली हळूहळू जाळी उघडी पडते. सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे पानाचे लांब टोक. तिथे ब्रश लावला की ते तुटतेच, म्हणून टोक मी ओल्या कापसाने बोटाखाली पुसत असे. एका पानाला पाऊण तास लागे. मी ४० पाने शिजवली, त्यांतली १७ धड राहिली, आणि मला सहा पऱ्यांसाठी १२ हवी होती. जोडी जमवताना आणखी एक बारकावा लक्षात आला: मधली शीर पानाच्या पाठीवर उठून दिसते, त्यामुळे दोन्ही पंख एकाच बाजूने लावले तरच ते जुळे वाटतात.

रंग देताना जे घडले ते मी मुद्दाम ठरवून केले नसते. कर्कटीच्या पंखांना मला पिवळा रंग द्यायचा होता, म्हणून जाळी हळदीच्या पाण्यात सोडली, आणि पाहता पाहता तिच्या शिरा कुंकवासारख्या लाल झाल्या. धुताना पानात सोड्याचा अंश राहिला होता आणि हळद अशा क्षाराने लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर. आजी शेजारीच बसली होती. तिने ते पान उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “हळद घातलीस आणि कुंकू झालं. हे राहू दे.” त्या दिवसापासून तिचा या कामाला असलेला उरलासुरला विरोध संपला. कडेने पिवळी आणि शिरांत लाल अशी ती जोडी मी तशीच ठेवली. बाकीच्या पंखांना चहाच्या पाण्याचा आणि खाण्याच्या रंगांचा हात दिला. चमक हवी होती तिथे प्लॅस्टिकची चमकी टाळून अभ्रकाची बारीक पूड कोरड्या ब्रशने लावली, कारण चमकीचे ठिपके प्रकाशात वेगवेगळे टोचतात आणि अभ्रकाची झाक सलग पसरते. मागच्या बाजूने मधल्या शिरेवर अर्धा मिलिमीटरची तांब्याची तार चिकटवली आणि तिचे टोक परीच्या पाठीत पाडलेल्या भोकात बसवले, त्यामुळे पंख काढता येत होते आणि प्रत्येक दृश्यात त्यांचा कोन बदलता येत होता.

छायाचित्रणाच्या आधी मॅडमनी आम्हाला इंग्लंडमधल्या कॉटिंग्लीची छायाचित्रे दाखवली. १९१७ मध्ये १६ आणि ९ वर्षांच्या दोन मावसबहिणींनी तिथल्या ओढ्याकाठी पऱ्यांबरोबरची छायाचित्रे काढली, शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्यासारख्या माणसाने ती खरी मानली, आणि १९८३ मध्ये त्या बहिणींनी सांगितले की, पऱ्या कागदावर काढून कापलेल्या होत्या व टोपीच्या पिनांनी गवतात खोचलेल्या होत्या. मी ती छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. पऱ्या सपाट आहेत, पण त्यांच्या भोवतीचे गवत, झाडझाडोरा आणि मुलीचा चेहरा खरा आहे, आणि पाहणाऱ्याचा विश्वास तिथून सुरू होतो. म्हणून मी माझ्या देखाव्यात सर्वांत पुढे खऱ्या वस्तू ठेवल्या: कृष्णेच्या पात्रातले गोटे, वाळवलेले शेवाळ, लव्हाळ्याची दोन पाती. फक्त पाणी खरे ठेवता आले नाही. लहान मापात खऱ्या पाण्याचे तरंग आणि थेंब फार मोठे दिसतात आणि डोह परातीसारखा वाटतो. त्याऐवजी काळ्या अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर पारदर्शक व्हार्निशचे पातळ हात दिले. दवाच्या थेंबांसाठी ग्लिसरीन आणि पाणी समभाग घेऊन सुईच्या टोकाने ठेवले, ते दिव्याच्या उष्णतेतही तासन्‌तास सुकले नाहीत. उडणाऱ्या दोघींना तंगुसाने टांगले होते आणि तंगूस चमकू नये म्हणून त्यावर काळ्या मार्करचा हात फिरवला. मुख्य दिवा प्रत्येक वेळी मागून ठेवला, कारण जाळीचे पंख समोरच्या उजेडात नुसतीच वाळकी पाने दिसतात आणि मागच्या उजेडात जिवंत होतात.

एकूण खर्च २,३४० रुपये झाला आणि त्यातला सर्वांत मोठा भाग त्या अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्याचा होता. पंखांचा खर्च शंभर रुपयांच्याही आत राहिला. परीक्षणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी छायाचित्रांपेक्षा पऱ्याच जास्त वेळ हातात घेऊन पाहिल्या आणि पंख कशाचे आहेत ते विचारले. पिंपळपान आहे हे सांगितल्यावर त्यांनी भिंग मागवून घेतले.

पऱ्या आता वाईच्या घरी काचेच्या कपाटात आहेत. बिनपंखांची परी आजीने स्वतःच्या हाताने खालच्या फळीवर, बाकीच्यांपासून जरा वेगळी बसवली आहे. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, त्यामुळे कर्कटीच्या पंखांची कड फिकट होऊ लागली आहे. मागच्या रविवारी आजीने घाटावरून सात-आठ निबर पाने खुडून आणली, आणि स्टीलच्या पातेल्यात सोडा किती घालायचा ते विचारायला तिने मला पुण्याला फोन केला.