न धावलेल्या दिवशीही रक्त पडतं का?

ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या एंडोस्कोपी विभागात मी सिस्टर आहे. शनिवारी आमच्याकडे गर्दी असते, कारण नोकरी करणारी माणसं सुट्टी बघूनच कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघण्याची, तारीख घेतात. एका शनिवारी यादीतले पहिले दोन पेशंट असे होते, की त्या दोघांबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे.

पहिल्या होत्या नौपाड्याच्या एक काकू, साठी ओलांडलेल्या. वर्षभरापूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. जवळच्या एका लसिकाग्रंथीतही आजार सापडला होता, म्हणून पुढे केमो घ्यावी लागली. ऑपरेशनला वर्ष झालं की दुर्बिणीने पुन्हा बघतात, त्यासाठी त्या आल्या होत्या. "शेवटची संडास कशी झाली?" हा आमचा ठरलेला प्रश्न. "पाण्यासारखी, पिवळट. औषध पिता पिता गॅलरीत फेऱ्या घातल्या ना तुम्ही सांगितल्या तशा," काकू म्हणाल्या. जुलाबाचं औषध दोन लिटर पाण्यात, निम्मं रात्री आणि निम्मं पहाटे घ्यायचं असतं. ते घेताना चालत राहिलं तर आतडं चांगलं साफ होतं. त्यांचं आतडं खरोखरच लखलखीत होतं. टाके घातलेला जोड छान दिसला, कुठे काही नवं नाही. काम पटकन आटोपलं.

दुसरे पेशंट चाळिशीतले, घोडबंदर रोडला राहणारे, बँकेत नोकरी. अंगावर चरबी म्हणून नाही. रविवारी उपवनहून येऊरचा चढ धावत चढतात आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन चुकवत नाहीत. त्यांना मॉनिटर लावला आणि अलार्म वाजला, नाडी ४८. नियमित धावणाऱ्यांची नाडी अशीच सावकाश असते. मी अलार्म बंद केला. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी मात्र दचकल्या होत्या.

त्यांना बरेच महिने शौचातून रक्त जात होतं. बरोबर धावणाऱ्यांनी सांगितलेलं, "लांब पल्ल्याला होतं असं." केमिस्टकडून मूळव्याधीचं मलम आणलं, रात्री इसबगोल सुरू केलं. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ते कमी का झालं याचा शोध घ्यावा असं कुणालाच सुचलं नाही, कारण समोर मॅरेथॉन धावणारा माणूस होता.

भूल देण्याआधी आमच्या डॉक्टरांनी त्यांना एकच गोष्ट विचारली, "न धावलेल्या दिवशीही रक्त पडतं का?"

ते जरा थांबले. "पडतं," म्हणाले. "पायाला लागलं म्हणून मध्ये तीन आठवडे बंद होतं धावणं. तेव्हाही पडत होतं."

मित्रांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तास न् तास धावताना शरीर रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळवतं, आतड्याचा पुरवठा खूप घटतो. आतलं नाजूक अस्तर दुखावतं आणि एखाद्या मोठ्या शर्यतीनंतर थोडं रक्त दिसू शकतं. त्यातून धावण्याआधी पेनकिलर खाल्ली तर आणखीच. पण ते दोन-चार दिवसांत थांबतं. विश्रांतीच्या दिवसांतही चालू राहणाऱ्या रक्ताचं खापर धावण्यावर फोडता येत नाही.

दुर्बीण आत गेली. सिग्मॉइडच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या, वळणावर वेटोळं होऊ नये म्हणून मी डाव्या हाताने पोट दाबून धरलं होतं. तिथेच तो दिसला, लालबुंद, खडबडीत, जाड देठावर हलणारा पॉलिप, आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ. तीन सेंटिमीटर तरी असेल. डॉक्टर आधी शेवटपर्यंत गेले, सगळं आतडं पाहिलं आणि परत येऊन त्याच्यापाशी थांबले.

देठात औषध टोचून झालं की तारेचा फास टाकतात. फास डॉक्टर बसवतात, पण तो आवळायची मूठ असते माझ्या हातात. "हळू... अजून हळू." घाईने आवळला तर करंट सुरू व्हायच्या आतच देठ कापला जातो आणि आतली रक्तवाहिनी उघडी पडते. मुठीला एका जागी अडल्यासारखं लागतं, तेव्हा समजायचं की देठ नीट पकडीत आला. तिथे थांबायचं. मग करंट, मग पुन्हा थोडं आवळायचं. देठ तुटल्यावर डॉक्टरांनी बुडाशी क्लिपा लावल्या आणि पॉलिप जाळीत धरून बाहेर काढला. बरणीत फॉर्मॅलिनमध्ये टाकून मी त्यावर नाव लिहिलं. असा पॉलिप वाढून त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-एक वर्षं लागतात. हा त्या वाटेवर कुठवर पोचला होता, ते रिपोर्ट आल्यावरच कळणार होतं.

रिकव्हरीत दोघांच्या खाटा शेजारी शेजारी आल्या. पडदा होता, पण पडद्याने आवाज अडत नाही. शुद्धीवर आल्यावर ते पहिल्यांदा हेच म्हणाले, "सिस्टर, मी एवढा धावतो, मला कसं झालं हे?" आणि जरा वेळाने पलीकडून काकू, "मी रोज तलावपाळीला चार फेऱ्या मारते हो. परत नाही ना येणार?"

राउंडला आलेल्या डॉक्टरांनी दोघांना विचारून पडदा बाजूला केला आणि मध्ये स्टूल घेऊन बसले. पुढे चार केस थांबल्या होत्या, तरी बसले. या माणसाबद्दल मला आदर आहे तो अशा गोष्टींमुळे.

काकूंना त्यांनी सांगितलं ते मला पाठ झालंय, कारण नंतर मी ते कितीतरी पेशंटना सांगितलं. जून २०२५ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काकूंसारखेच, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ पेशंट, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना व्यायामाची माहितीपत्रकं दिली. निम्म्यांना तीन वर्षं एक मार्गदर्शक नेमून दिला, जो ठरवून व्यायाम करून घेई. साधारण आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास भरभर चालण्याइतका, आधी जे करत होते त्याच्यावर. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात शंभरातले ९० जण हयात होते, दुसऱ्या गटात ८३. "काकू, शंभरात सात माणसं. एखाद्या औषधाने हे केलं असतं तर आम्ही ते सगळ्यांना लिहून दिलं असतं." गुडघे-कंबरेच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांत जास्त निघाल्या, हेही त्यांनी सांगितलं. काकूंचा उजवा गुडघा कुरकुरतोच, म्हणून फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी लिहून दिली. फेऱ्या मात्र रमतगमत नकोत, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने हव्यात.

मग ते दुसऱ्या खाटेकडे वळले. नियमित हालचाल करणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर साधारण २० टक्क्यांनी कमी आढळतो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. गुदाशयाच्या कॅन्सरबाबत तसं स्पष्ट दिसत नाही. व्यायामाने इन्शुलिन आटोक्यात राहतं, शरीरातला दाह कमी होतो, आतड्याची चाल सुधारते. इलिनॉय विद्यापीठात बैठ्या माणसांना सहा आठवडे व्यायाम करायला लावला, तर आतड्याच्या अस्तराला पोसणारं ब्युटिरेट तयार करणारे जीवाणू वाढले. व्यायाम थांबवल्यावर ते पुन्हा उतरले. "पण २० टक्के कमी म्हणजे शून्य नाही," डॉक्टर म्हणाले. २०२५ मध्येच अमेरिकेत लांब पल्ल्याचं धावणाऱ्या, ३५ ते ५० वयाच्या १०० जणांची कोलोनोस्कोपी केली, तर १५ जणांना पुढच्या टप्प्याचे, म्हणजे कॅन्सर होण्याचा धोका जास्त असलेले, पॉलिप सापडले. न धावणाऱ्यांशी तुलना त्यात नव्हती, म्हणून धावण्यानेच झाले असं कुणी म्हणू शकत नाही. धावणाऱ्याला होतच नाहीत असंही म्हणता येत नाही.

ते गप्प ऐकत होते. काकूच म्हणाल्या, "अहो, निघाला ना तो? मग!"

मला यात बोचतं ते वेगळंच. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची कॅन्सर तपासणी होते, मोठ्या आतड्याची नाही. अमेरिकेत २०२१ पासून लक्षणं नसलेल्यांनाही पंचेचाळिसाव्या वर्षी बोलावतात. इथे दारात येणारा माणूस लक्षण घेऊनच येतो, आणि तोही मलम संपल्यावर. निदान लक्षण असलेल्याने तरी थांबू नये, तो कितीही तंदुरुस्त असो. रक्त, बदललेली शौचाची सवय, कारण न सापडलेलं कमी हिमोग्लोबिन, यांतलं काहीही असलं तरी दुर्बीण हवीच. तिथे धावण्याची घड्याळं आणि मेडलं कामाला येत नाहीत.

आठवड्याने रिपोर्ट आला. पॉलिपमध्ये बदल गंभीर होते, पण कॅन्सर झालेला नव्हता आणि देठाची कड साफ होती. ऑपरेशनची गरज नाही, तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण. कापलेल्या जागेतून उशिरानेही रक्त येऊ शकतं, म्हणून दोन आठवडे धावणं बंद, चालायला हरकत नाही. त्यांनी सगळं निमूट लिहून घेतलं.

मग डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांबद्दल विचारलं. असा पॉलिप निघाला की त्यांचीही तपासणी लवकर करावी लागते. डोंबिवलीला मोठी बहीण आहे, म्हणाले, तिलाही मूळव्याध आहे. मी त्यांच्याकडून नंबर घेऊन लगेच फोन लावला. किती दिवसांपासून रक्त पडतंय, म्हटलं. "झालं असेल वर्षभर," ताई सहज म्हणाल्या. शनिवारची यादी भरलेली होती. त्यांना मंगळवारी बोलावलं.