हार तेवढा राहिला

रविवार, रात्री उशिरा

आत्या म्हणाली ते गमतीने म्हणाली, हे मला कळतं. मी काढलेल्या तिच्या फोटोचा प्रिंट तिने हातात घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, आधी लांब धरून बघितला, मग जवळ धरून बघितला आणि म्हणाली, "छान आलाय गं. हार तेवढा राहिला."

सगळे हसले. दादा जरा जास्तच. मीही हसले. मग चहा झाला, मीनाताईचा फोन आला, विषय तिच्या फ्लॅटच्या पझेशनवर गेला आणि तिथेच राहिला. प्रिंट टीव्हीशेजारी, वर्तमानपत्राखाली. निघताना मीच तो उचलून पिशवीत घातला. तिने मागितला नाही, मी देऊ का म्हणून विचारलं नाही.

आता साडेअकरा वाजलेत. नेमकं काय लागलं ते लिहून बघते.

पहिलं उत्तर सोपं आहे. मेहनतीची कदर झाली नाही म्हणून लागलं. एप्रिलमध्ये पुण्यात नळाला जे पाणी येतं त्यात चहा करायला गॅस कमी लागेल. एचपी-फाइव्ह या काळ्या-पांढऱ्या फिल्मला डी-७६ या डेव्हलपरमध्ये साडेसात मिनिटं द्यायची ती २० अंशांना. तेव्हा टबात बर्फ, बर्फात बाटल्या, बाटलीत थर्मामीटर, आणि पारा उतरेपर्यंत मी बाथरूमच्या स्टुलावर. त्याआधी चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत, हात घालून फिल्म रिळावर चढवायची. हाताला घाम, बॅगेत दमटपणा, फिल्म अर्ध्यावर जाऊन रुतते आणि नक्की कुठे रुतली ते बोटांनीच ओळखायचं. (रोलची खरी किंमत मी घरात सांगत नाही. दादाला वाटतं, फोटोच्या दुकानवाले काका त्यांच्याकडचे जुने देतात.)

आणि हे सगळं फक्त निगेटिव्हसाठी. प्रिंट पुढेच. आत्याचा उजवा गाल सावलीत होता, म्हणून तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) उजेडात हलवत राहायची, म्हणजे तेवढा भाग काळा पडत नाही. हलवायची थांबली की गालावर चकतीचा गोल उमटतो. मग भोक पाडलेला पुठ्ठा धरून मागच्या भिंतीला जास्तीचा उजेड. फायबरचा कागद वाळला की थोडा काळवंडतो, त्याचाही हिशेब धरला होता. एवढं करून काय, तर हार.

पण कदर तर तिने केली. "छान आलाय" आधीच म्हणाली होती. म्हणजे हे उत्तर नव्हे.

दुसरं उत्तर असं की दोष तिचा नाही, काळ्या-पांढऱ्याचा आहे. आमच्याकडे भिंतीवरचे आजी-आजोबा काळे-पांढरे, म्हणून तिला तेच दिसलं. पण शेजारी आतोबा आहेत, आणि ते रंगीत आहेत. निळ्या स्वेटरच्या कॉलरीसकट. तेव्हा तेही नाही.

टिकलीचं मला तिला सांगायचं होतं. आतोबा गेल्यावर तिने टिकली सोडली नाही, फक्त रंग बदलला. फोटोत मरून आणि काळी जवळजवळ सारखीच दिसते. प्रिंट देताना हे सांगेन असं ठरवलं होतं. राहू दे.

परत येताना काकांकडे डोकावले. काकांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "अगं, आमचं अर्धं दुकान हारावर चालायचं." मग सुरूच झाले. घरात माणसाचा एकट्याचा असा फोटोच नसायचा. असायचा तो कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप, तिसऱ्या रांगेत, अर्धा कुणाच्या तरी फेट्यामागे. त्याची कॉपी निगेटिव्ह काढायची, डोकं तेवढं उचलायचं, बाकीची माणसं पुसायची, निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून गाल भरायचे, खांदे हाताने काढून द्यायचे. मग उटीला बनणाऱ्या 'इंदू' छापाच्या फोटो-कागदावर मोठं एन्लार्जमेंट. एकदा तर जो एकुलता फोटो आला त्यात डोळेच मिटलेले होते. काकांनी ते ब्रशने उघडून दिले, आणि मुलगा म्हणाला, हुबेहूब. "तेराव्याच्या आत पाहिजे असायचा. घासाघीस नाही. लग्नाच्या अल्बमला रडतात पैसे द्यायला, याला कधी नाही."

मी जिला कला म्हणून बाथरूमचं दार लावून बसते ती काकांची रोजची कामं होती. डेव्हलपरने त्यांच्या बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा अजून दिसतात. दुकान डिजिटल झालं तेव्हा एन्लार्जर त्यांनी माळ्यावर टाकला तो सुटलो म्हणूनच. मी मागायला गेले तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी कौतुकाची समजत होते.

माझा प्रिंट त्यांनी ट्यूबखाली तिरका धरला. "भिंतीला अजून दोन सेकंद. उजव्या कोपऱ्यात." बस. हाराबद्दल काही नाही. चेहऱ्याबद्दलही नाही.

खरं तर मला काय टोचतंय ते मला ट्रे धुताना कळलं असावं. फायबरचा प्रिंट धुवायला फार वेळ लागतो. आधी हायपोचे, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाचे, दोन ट्रे, एकामागून एक, मग वाहतं पाणी तासभर. आमच्याकडे वाहतं पाणी सकाळीच काय ते, म्हणून बादल्या भरून ठेवायच्या आणि ट्रेमधलं पाणी बदलत बसायचं. उजेड न लागलेले चांदीचे क्षार हायपो विरघळवून नेतो, पण तो स्वतः कागदात राहिला तर पुढे काही वर्षांनी चांदीलाच लागतो. देव्हाऱ्यातलं निरांजन काळं पडतं तीच गोष्ट, फक्त इथे चेहरा पिवळा-तपकिरी होत जातो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्ये नोंदवला, म्हणजे फोटोग्राफी जगापुढे आली त्याच्या वीस वर्षं आधी. टिकवायचं कसं ते आधी सापडलं होतं, टिकवायचं काय ते नंतर आलं.

काका म्हणतात, नीट धुतलेला प्रिंट शंभर वर्षं हलत नाही. आत्याला पंच्याहत्तर पूर्ण झाली.

पाणी बदलताना हा हिशेब माझ्या मनात नव्हता. बहुतेक नव्हता. पण मग रोजच्या सरावाला पुरणारा प्लॅस्टिकचा कागद, जो दोन मिनिटांत धुऊन होतो, तो या एका फोटोला मी का वापरला नाही? काकांकडून फायबरचं पाकीट मागून का आणलं? बाल्कनीतल्या कुंड्यांचे फोटो मी कधी तासभर धुतले नाहीत. माठवाल्याचाही नाही, आणि तो तर खरं म्हणजे जास्त चांगला फोटो आहे.

तिने ते एका नजरेत ओळखलं आणि चारचौघांत बोलून टाकलं. हे लागलं असेल. आणि बोलून ती चिवड्यात दाणे शोधत बसली. मीच काय ती तोंड पाडून.

सव्वादहाला तिचा व्हॉइस मेसेज येऊन पडला होता, तो आत्ता ऐकला. मागे सीरियल चालू.

"अगं, तो फोटो नेलास का तू? मी शोधत्येय. दे परत. बरा आहे, पण मान वाकडी आलीय आणि मी दात लावले नव्हते. पुन्हा काढ. मोत्यांच्या कुड्या घालते. एकदा चांगला काढून कपाटात ठेवला की ऐनवेळी पोरांची धावपळ नको. ह्यांच्या वेळी काय केलं होतं आठवतंय ना? आधार कार्डावरचा मोठा केला. बघवत नाही गं मला तो."

म्हणजे निळा स्वेटर आधार कार्डाचा. इतकी वर्षं मला वाटत होतं, मीनाताईने मुद्दाम निवडलेला आहे.

मी लगेच फोन केला. जागीच होती. म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. ती म्हणाली, "काहीतरीच काय त्यात? शनिवारी ये. चारला खिडकीत ऊन येतं, मागच्या वेळी तू सहाला आलीस."

मी विचारलं, या खेपेला रंगीत रोल घालू का, रंगीत मिळतो.

नको म्हणाली. रंगीतमध्ये हातावरचे डाग दिसतात. आणि हात फोटोत पाहिजेत, बांगड्या नव्या घेतल्यात.

उद्या रोल आणायला हवा. दादाला काय सांगायचं ते बघू.