आमची वाटचाल: सहा पेडल, एक सप्लाय आणि प्रत्येकाचा वेगळा परतीचा रस्ता

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आम्ही गिटार पेडलसाठी, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांसाठी, पॉवर सप्लाय बनवतो. सुरुवात दुरुस्तीपासून झाली. लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले, नवरात्रात स्टेजवर वाजवणारे गिटारवादक ‘घुर्र आवाज येतो’ म्हणून पेडल आणून देत. बहुतेक पेडल ठणठणीत असत. दोष असे तो एकाच ॲडॅप्टरवरून सगळ्यांना करंट देणाऱ्या डेझी चेनमध्ये.

खात्री करायची सोपी रीत आम्ही आजही सांगतो. संशयित पेडलला ९ व्होल्टची बॅटरी लावा. आवाज गेला तर सप्लाय पाहा. बॅटरीवरही राहिला आणि गिटार फिरवल्यावर कमी-जास्त झाला, तर तो सिंगल कॉइल पिकअपने (तारांचे कंपन पकडणाऱ्या गिटारवरच्या कॉइलने) आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र पकडल्यामुळे येतो. त्यावर कुठलाही सप्लाय उपाय नाही, आमचाही नाही.

चेनमध्ये सगळ्या पेडलचा करंट एकाच निगेटिव्ह तारेतून परत जातो. सिग्नल केबलची शिल्ड तीच निगेटिव्ह पुन्हा जोडते, म्हणजे ग्राउंड लूप, निगेटिव्हचा बंद फेरा, तयार. त्यात डिजिटल डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारे पेडल) करंट एकसारखा घेत नाही, झटक्यांनी ओढतो. वायर आणि प्लगचा मिळून ०.१ ओहम रोध धरला आणि १०० मिलिॲम्पियरचा झटका आला, तर त्या तारेवर १० मिलिव्होल्ट उभे राहतात. त्यातला थोडासा भाग जरी डिस्टॉर्शनच्या इनपुटला मिसळला, तरी ते पेडल त्याला सिग्नल समजून शंभरपट वाढवते. कानाला ऐकू येते ती शिट्टी हीच.

पहिला उपाय स्वस्त होता: प्रत्येक ॲनालॉग पेडलच्या आधी ४७ ओहम रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरड कपॅसिटर. हा फिल्टर १५ हर्ट्झच्या आसपास कापायला लागतो. १० मिलिॲम्पियर घेणाऱ्या ओव्हरड्राइव्हला जेमतेम अर्धा व्होल्ट कमी पडतो, ते चालते. २०० मिलिॲम्पियरच्या डिलेला तोच रेझिस्टर लावला तर हिशेबाने ९.४ व्होल्ट तिथेच जातात. पेडल सुरूच होणार नाही. शिवाय निगेटिव्ह सामाईकच राहते, म्हणून लूप तुटत नाही.

म्हणून आम्ही ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या वाइंडिंगवर (तारेच्या गुंडाळ्यांवर) आलो. टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर, प्रायमरी २३० व्होल्ट, सेकंडरी १२ व्होल्टच्या सहा, एकमेकींपासून पूर्ण सुट्या. प्रत्येकीला चार १एन४००७ डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा एलएम ३१७ रेग्युलेटर. रेझिस्टर २४० ओहम आणि १.५ किलोओहम घेतले की साधारण ९.१ व्होल्ट मिळतात. ॲडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरड टाकायला विसरू नका, रिपल (डीसीत उरलेला चढउतार) स्पष्ट कमी होतो. १०० मिलिॲम्पियर डीसी हवा असेल तर वाइंडिंग १८० मिलिॲम्पियरची धरा, कारण कपॅसिटर चार्ज होताना करंट टोकाला जाऊन येतो. सहा वाइंडिंगचा हिशेब १३ व्हीएच्या (व्होल्ट-ॲम्पियर) आसपास जातो. आम्ही २० व्हीएचा कोअर घेतो. कपॅसिटर २५ व्होल्टचा का नाही? लोड नसताना आणि लाइन (मुख्य वीजपुरवठा) २५० व्होल्टला गेल्यावर तो काठावर येतो, आणि जनरेटरवरच्या मांडवात लाइनचा भरवसा नसतो.

हीटसिंककडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. वाढलेल्या लाइनवर प्रत्येक रेग्युलेटर ०.८ वॉटपर्यंत उष्णता टाकतो. हीटसिंक नसलेल्या टीओ-२२० ला (रेग्युलेटरच्या नेहमीच्या बॉडीला) म्हणजे ५० अंशांची वाढ, आणि मे महिन्यात बंद डब्यात ती परवडत नाही. म्हणून बॉक्सच्याच ॲल्युमिनियमला स्क्रू करायचा. पण एलएम ३१७ ची पाठ म्हणजे त्याचे आउटपुट, आणि ७८०९ या ठरावीक ९ व्होल्टच्या रेग्युलेटरची पाठ म्हणजे ग्राउंड. मायका आणि प्लॅस्टिक बुश न घालता बसवले, तर ७८०९ मध्ये सहाही निगेटिव्ह बॉक्समधून जोडल्या जातात, एवढ्या वाइंडिंग वाया. डीसी जॅकही प्लॅस्टिक बॉडीचेच घ्या. बॉक्स अर्थिंगला, आउटपुट तरंगते.

स्विचिंगचे सुटे डीसी-डीसी मॉड्यूलही आम्ही तपासले. हलके, स्वस्त. पण एक १०० किलोहर्ट्झवर आणि शेजारचे १०१ वर चालले, तर त्यांच्या फरकाची १ किलोहर्ट्झची शिट्टी निघू शकते. सगळे एकाच घड्याळावर बांधले तर ती जाते. आमच्या कमी करंटच्या सप्लायला साधे लिनिअरच योग्य वाटते. टोरॉइड मात्र वाह पेडलपासून लांब ठेवा. त्याचे गळते क्षेत्र कमी असते, शून्य नव्हे, आणि वाहच्या इंडक्टरला तेवढे पुरते.

सुट्या आउटपुटचा आणखी एक फायदा जुने पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ (आवाज खरखरीत करणारे पेडल) वापरणाऱ्यांना होतो. या पेडलची पॉझिटिव्ह ग्राउंडला असते. चेनमध्ये लावले की थेट शॉर्ट. सुट्या आउटपुटवर फक्त उलटी वायर लागते. दोन आउटपुट सिरीजमध्ये जोडून १८ व्होल्टही मिळतात, करंट मात्र एकाचाच.

पाठवण्याआधी प्रत्येक आउटपुटवर ९१ ओहम २ वॉटचा रेझिस्टर लावून २०० आणि २५० व्होल्टवर रिपल बघतो. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून प्रत्येक निगेटिव्ह इतर पाचांशी आणि बॉक्सशी तपासतो; कुठेही बीप आला तर बॉक्स परत टेबलावर. ऑर्डर देताना आम्हाला पेडलची नावे नकोत, प्रत्येकाचा मिलिॲम्पियर आकडा आणि मधली पिन निगेटिव्ह की पॉझिटिव्ह, एवढे लिहून द्या.